एक हात काळा रंग

मैदान फुटबॉलवाल्यांना भाड्याने द्यायचं की नाही, यावर आमच्या हॉकी क्लबची मीटिंग तीन तास चालली. पहिले अडीच तास जे लोक 'मी जिवंत असेपर्यंत हे होणार नाही' म्हणत टेबल बडवत होते, त्यांचेच हात शेवटी सगळ्यात आधी वर गेले. काय करणार? स्टँडचं छप्पर गळतंय, गवत कापायचं मशीन दोन वर्षं झाली बंद पडून आहे, आणि हॉकी बघायला येणारी माणसं बोटांवर मोजावीत इतकी. त्यातही निम्मे खेळणाऱ्यांचे आईबाप. फुटबॉलवाले वर्षाचं भाडं आगाऊ देतो म्हणाले आणि शंभर वर्षांचा बाणेदारपणा चहाच्या घोटाबरोबर खाली गेला.

हात मीही वर केला. मी क्लबचा पेंटर. मैदानावरच्या पाट्या, स्टँडवरचे आकडे, हॉलमधला कर्णधारांच्या नावांचा लांबलचक बोर्ड, सगळं माझ्या हातचं. या वयात मला कमिटीवर घेतलं ते शहाणपणासाठी नाही. पाट्या फुकट रंगवून मिळाव्यात म्हणून.

मला भाड्याचा राग नाही. राग याचा आहे की हे इतकं सोपं होतं. हात वर केले आणि झालं. पस्तीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, याच टेबलाभोवती बसून, फुटबॉल खेळला म्हणून माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला जन्मभरासाठी क्लबबाहेर काढलं होतं. आणि त्याचं नाव कमिटीला दिलं होतं मी.

तेव्हा क्लबच्या नियमांत एक कलम होतं. हॉकीच्या सभासदाने फुटबॉल खेळायचा नाही, आणि खेळणं सोडा, बघायलाही जायचं नाही. सापडला तर आयुष्यभर बाहेर, आणि क्लबच्या भिंतींवर जिथे जिथे त्याचं नाव असेल तिथून तेही जाणार. फुटबॉलने आमची पोरं पळवली, असं जुन्या लोकांचं म्हणणं होतं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. पण नियम मोडणारा सापडणार कसा? त्यासाठी तिघांची पहारा कमिटी होती. दर रविवारी आम्ही तिघं गावाच्या दुसऱ्या टोकाला फुटबॉलच्या मैदानावर जायचो, गर्दीत बसायचो आणि आपल्यापैकी कोण दिसतंय ते वहीत लिहायचो. म्हणजे फुटबॉल बघायला बंदी असलेल्या क्लबात फुटबॉलचा एकही सामना न चुकवणारी तीन माणसं होती, आणि ती आम्ही. तेव्हा आम्हाला यात काही गंमत वाटली नव्हती. तिघांतल्या एकाला तर दुसऱ्या वर्षापासून ऑफसाइड रेफ्रीच्या आधी कळायला लागला होता. तो मीच.

धाकटा आमचा कर्णधार होता. त्याच्या कर्णधारपदाच्या पहिल्याच वर्षी आम्ही चषक जिंकला होता आणि बोर्डावर त्या वर्षापुढे त्याचं नाव मी सोनेरी रंगात काढलं होतं. काढताना हात थरथरला नाही, ते कौशल्य. पोटात दुखत होतं, ती गोष्ट वेगळी. त्याच टीममध्ये मी राखीव खेळाडू होतो. तीन वर्षं बाकावर बसून काढली. रस्त्यात माणसं मला थांबवायची ती त्याची तब्येत विचारायला.

तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. धाकटा बस डेपोत मेकॅनिक होता. ड्यूटी संपवून सायकलवरून घरी चालला होता आणि फुटबॉलच्या मैदानाच्या कुंपणाशी दोन मिनिटं थांबला. आत कोणाचा तरी घोटा मुरगळला होता, एक माणूस कमी पडत होता. डेपोतल्याच कोणीतरी त्याला हाक मारली. त्याने सायकल कुंपणाला टेकवली, पँटचे पाय दुमडले आणि आत गेला. अकरा मिनिटं खेळला. मी घड्याळ लावून मोजली. खेळता खेळता त्याने मला गर्दीत बघितलं, आणि घाबरायचं सोडून लांबून हात हलवला. दादा बसलाय म्हटल्यावर त्याला कसली भीती?

पहारा कमिटीतला एक त्या दिवशी आला नव्हता. दुसरा चहा प्यायला बाहेर गेला होता. बघणारा मी एकटा, आणि वहीही माझ्याच मांडीवर. नसतं लिहिलं तर कोणाला कळणार होतं? मी लिहिलं. नियम तो नियम, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत फिरलो. आता या वयात खोटं बोलून कोणाला फसवू? मला त्याची जागा हवी होती.

जागा मिळाली. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात त्याच्या जागी मी खेळलो, शेवटच्या मिनिटाला गोलच्या तोंडाशी आलेला चेंडू माझ्या स्टिकखालून निघून गेला, आणि आम्ही हरलो. शेजारच्या आंधळ्या आजोबांनीही मारला असता असा चेंडू होता, असं लोक म्हणाले. बरोबर म्हणाले.

त्याआधीची एक गोष्ट मात्र लोकांना माहीत नाही, आणि खरं तर मला तीच सांगायची आहे.

धाकट्याला काढल्यावर तेव्हाचे सेक्रेटरी, गळ्यात कायम शिट्टी अडकवलेली असायची म्हणून आम्ही त्यांना शिट्टीमास्तर म्हणायचो, ते मला म्हणाले की त्याच्या नावावर एक हात काळा रंग मार, विषय संपला. एक हात. एवढंच सांगितलं होतं. बोर्ड काळाच होता, त्यावर नाव सोनेरी. पाच मिनिटांचं काम. मी दुपारी हॉलमध्ये गेलो, बोर्ड भिंतीवरून उतरवून टेबलावर आडवा केला, आणि काळ्या रंगाचा डबा उघडायच्या आधी पिशवीतून पॉलिश पेपर काढला. ते नाव मी घासलं. आधी सोनेरी गेलं, मग खालचा काळा गेला, मग प्रायमर गेला, तरी घासत राहिलो, खालचं लाकूड पांढरं दिसेपर्यंत. मग खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा प्रायमर, वर दोन हात काळा. दोन दिवस लागले. त्या ओळीत कधीकाळी काही होतं असं कोणाला वाटलं नसतं. इतकं चोख काम मी त्याआधी केलं नव्हतं. कोणी सांगितलं होतं एवढं चोख करायला? कोणीही नाही.

घरी गेलो तर आई दारात. तिने एवढंच विचारलं, "पुसलंस का रे त्याचं नाव?"

मी म्हणालो, "नाही गं आई. वरून नुसता एक हात काळा मारलाय. खाली नाव आहे तसं आहे. दिवस फिरले की वरचा काळा पुसून काढीन."

आईने त्या वाक्यावर उरलेलं आयुष्य काढलं. दूधवाल्याला सांगितलं, दुकानदाराला सांगितलं, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं: माझ्या धाकट्याचं नाव तिथे आहे हो, नुसतं झाकलंय, मोठ्यानेच जपून ठेवलंय. धाकटा वेगळं घर करून राहायला गेला, त्याने नंतर हॉकीही खेळली नाही आणि फुटबॉलही नाही. त्याच्या लग्नाचं मला बोलावणं नव्हतं. माझ्या मुलाच्या लग्नाला तो बोलावूनही आला नाही. आई मात्र दोन्ही घरी जायची आणि दोन्हीकडे तेच सांगायची. नऊ वर्षांपूर्वी ती गेली, तोपर्यंत गावात ही गोष्ट पक्की झाली होती. नातवंडांना तर तिने ती झोपवताना सांगितली असणार.

म्हणूनच हे सगळं झालं. फुटबॉल क्लबकडून करारावर सही करायला जी मंडळी आली, त्यांत त्यांच्या मुलींच्या टीमची कोच होती. ती माझी पुतणी, धाकट्याची मुलगी. मी तिला लांबून बघितलं होतं, बोललो कधी नव्हतो. चालते अगदी बापासारखी, खांदे टाकून. सह्या झाल्या, चहा आला, आणि ती आमच्या अध्यक्षांना म्हणाली की एक विनंती आहे. या बोर्डावर माझ्या बाबांचं नाव रंगाखाली आहे असं आजी सांगायची. ते कलमच आता राहिलं नाही, तर पहिल्या सामन्याआधी ते नाव उघडं करावं.

आमचे अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी. फोटो निघेल अशी गोष्ट दिसली की त्यांचा चेहरा लगेच खुलतो. जुनं वैर विसरून दोन खेळ एकत्र, समारंभ करू, बाबांच्याच हाताने रंग पुसून घेऊ, असं सगळं त्यांनी बसल्या जागी ठरवून टाकलं. आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय पेंटर, आहे ना खाली?"

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. पुतणीसुद्धा.

मी म्हणालो, "आहे की."

दुसऱ्या दिवशी पुतणी माझ्या दुकानात आली. मी ब्रश धूत बसलो होतो. ती उभीच राहिली. म्हणाली, बाबांना सांगितलं. ते म्हणाले, खाली नाव खरंच असेल तर येतो. त्यालाच विचारून ये, तो काय सांगतो ते मला येऊन सांग.

आता बघा, देव कधी कधी दार उघडून समोर उभा राहतो आणि आपण आत जायचं सोडून चपला शोधत बसतो. पोरगी समोर होती. दुकानात तिसरं कोणी नव्हतं. नाही गं, नाव नाहीये, मी घासून काढलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. ब्रशातून काळं पाणी निघत होतं तेवढं मी बघत बसलो.

"आहे म्हणावं," मी म्हणालो. "सांग त्याला. ये म्हणावं नक्की."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. जाताना म्हणाली, "येते हं, काका." मला आयुष्यात पहिल्यांदा तिने काका म्हटलं आणि मी तिला खोटा निरोप देऊन धाडली होती.

बायकोला हे सगळं माहीत आहे. तिच्यापासून मी काही लपवत नाही, कारण लपत नाही. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "सांगून टाका. पस्तीस वर्षांनी माणूस निरोप पाठवून विचारतोय, म्हणजे त्याला भांडायचं नाहीये." मी म्हटलं, एकदा येऊ तर दे. एकदा त्या हॉलमध्ये आला, चार लोकांत त्याचा मान झाला, घरी जेवायला आला, की मग निवांत सांगीन. ती म्हणाली, तुमचं निवांत मला माहीत आहे. आणि पुढे दोन दिवस बोलली नाही.

मला माझा भाऊ परत हवा होता. दुसरं काही नको होतं. त्यासाठी मी जे करता येतं ते केलं, आणि मला करता येतात फक्त पाट्या.

मंगळवार ते गुरुवार हॉल बंद असतो, किल्ली माझ्याकडे असते. मंगळवारी बोर्ड उतरवला, त्याच टेबलावर आडवा केला. त्याच ओळीत त्याचं नाव पुन्हा काढलं, ऑइल पेंटमध्ये, सोनेरी. पस्तीस वर्षांपूर्वीची माझी अक्षरं थोडी उजवीकडे झुकायची, तशीच झुकवली. सोनेरीत चिमूटभर तपकिरी घातला, म्हणजे नवं दिसायला नको. वाळल्यावर चहाच्या पाण्याचा बोळा फिरवला. गुरुवारी पुन्हा जाऊन त्यावर काळा मारला, पण हा काळा साधा, पाण्यात कालवलेला, डिंक घातलेला, ओल्या फडक्याने निघेल असा. एका बाटलीत साबणाचं कोमट पाणी भरलं आणि अध्यक्षांना सांगितलं की हे खास औषध आहे, यानेच जुना रंग निघतो. ते म्हणाले, वा पेंटर, तुम्ही म्हणजे कलाकार. आयुष्यात कोणी मला कलाकार म्हटलं ते नेमकं तेव्हा.

शनिवारी सकाळी हॉल भरला. हॉकीला इतकी माणसं मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. खिडकीतून मैदान दिसत होतं. आमच्या हिरवळीवर फुटबॉलचे गोलपोस्ट उभे राहिले होते, पोरी वॉर्मअप करत होत्या. धाकटा आला. केस पांढरे झालेत, एका गुडघ्याने किंचित लंगडतो, नखांत डेपोचं काळं अजून तसंच. दारात क्षणभर थांबला, मग आत आला. माझ्याकडे बघून मान हलवली. वाटलं, झालं, जमलं.

अध्यक्षांचं भाषण झालं. दोन्ही खेळ भावासारखे आहेत वगैरे. मग त्यांनी बाटली आणि पांढरं फडकं धाकट्याच्या हातात दिलं. त्याने बाटलीचं बूच काढलं, नाकाशी नेली, वास घेतला. मेकॅनिक माणूस, चाळीस वर्षं ग्रीस आणि टर्पेंटाइनमध्ये हात बुडवलेले. मग फडकं ओलं केलं आणि बोर्डावर हळूहळू फिरवलं. काळे ओघळ खाली आले, त्याच्या मनगटावरून बाहीत गेले. पहिलं अक्षर दिसलं, मग दुसरं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुतणी रडत होती, म्हणत होती, आजी सांगायची, आजी सांगायची. फोटोवाला म्हणाला, साहेब इकडे बघा. धाकटा बघितल्यासारखं करून उभा राहिला.

मग मंडळी चहाकडे वळली आणि तो फडकं घेऊन माझ्याजवळ आला.

"ऑइल पेंट साबणाच्या पाण्याने निघतो," तो हळू आवाजात म्हणाला, "हे मला आज कळलं."

मी बोर्डाकडे बघितलं.

"मी त्या दिवशी माझे बूट न्यायला आलो होतो. या दारात उभा होतो. तुझी पाठ होती माझ्याकडे. बोर्ड या टेबलावर आडवा होता आणि तू घासत होतास. लाकूड पांढरं होईपर्यंत घासलंस. मग मी बूट न घेताच गेलो."

"आईला नाही सांगितलंस?" मला एवढंच सुचलं.

"आईला दोन मुलगे होते. त्यातल्या एकाचं नाव तर गेलंच होतं. दुसऱ्याचं कशाला घालवू?"

बाहेर शिट्टी वाजली. पुतणीने दारातून त्याला हाक मारली, बाबा, चला, सुरू होतंय. त्याने तिला हाताने थांबवलं.

"पोरीला मी मुद्दाम पाठवलं होतं तुझ्याकडे," तो म्हणाला. "नाव नाही म्हणाला असतास ना, तर मी इथे न येता सरळ तुझ्या घरी आलो असतो."

मग ते काळं झालेलं फडकं त्याने नीट घडी करून माझ्या हातात दिलं.

"छान झालंय काम, पेंटर," तो म्हणाला, आणि मुलीबरोबर मैदानाकडे गेला. सगळं गाव मला पेंटर म्हणतं. मी त्याला हॉकी शिकवली तेव्हापासून तो मला दादा म्हणायचा.

मी खिडकीशी उभा राहिलो. तो स्टँडमध्ये, गळत्या छपराखाली, एकटा बसून फुटबॉल बघत होता. पोरींनी पंधराव्या मिनिटाला गोल केला. गोल ऑफसाइड होता, मला इथून कळलं. तो उठून टाळ्या वाजवत होता.

अध्यक्ष माझ्या मागे येऊन उभे राहिले. बोर्डाकडे बघत म्हणाले की आता त्या ओळीवर वार्निशचा एक हात मारून टाका, पेंटर, म्हणजे पुन्हा कधी पुसलं जायला नको.

मी पिशवीतून डबा काढला आणि मारला.